साठवलेल्या पिण्याच्या पाण्याला पुन्हा पुन्हा वास येतो, थर धरतो, अळ्या होतात? आधी भांडं तपासा

दरवर्षी उन्हाळा लागला की आमच्या इकडं हेच सुरू होते. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यातली शेकडो गावं अशी आहेत की विहीर-बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं, म्हणून पिण्याचं पाणी लांबच्या धरणावरून पाईपलाईनने येते, वान धरणावरची ८४ खेडी योजना सगळ्यांना माहीतच आहे. आता पाईप फुटला, मोटर जळाली, लाईन गेली की नळ चार दिवस नाही तं कधी आठ दिवस नाही. म्हणून प्रत्येक घरात पाणी साठवलेलं असतेच. आणि नेमकी गरज पडते त्या दिवशी झाकण उघडलं की पाण्याला वास. मग ते फेका, ड्रम विसळा, परत भरा, तुरटी फिरवा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. "काऊन होऊन राहिलं हो असं, पाणी तं नळाचंच आहे?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी सगळं एका जागी लिहून काढतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी बदलून हा त्रास जात नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड भांड्यात असतो, नाही तं भांडं भरायच्या पद्धतीत, आणि तो बिघाड कोणता हे वासावरून, थरावरून, चवीवरून बऱ्यापैकी ओळखता येते.

आधी एक साधी तपासणी करा

काचेची एक बाटली घ्या, सरबताची किंवा औषधाची चालत नाही कारण तिचा जुना वास जात नाही, साधी स्वच्छ काचेची झाकणवाली बाटली पायजे. उकळत्या पाण्यानं विसळा. ज्या दिवशी ड्रम किंवा कॅन भराल त्याच दिवशी, त्याच नळाचं, त्याच वेळी ही बाटलीही भरा, झाकण घट्ट लावा आणि कॅनच्या शेजारीच अंधारात ठेवून द्या. आठ-दहा दिवसांनी दोन्ही उघडून वास घ्या आणि पांढऱ्या कपात ओतून रंग पहा. बाटलीतलं चांगलं आणि कॅनमधलं बिघडलेलं तं दोष कॅनचा, नाही तं भरायच्या पाईपाचा. दोन्ही बिघडले तं पाणीच मुळात तसं आलं, मग भांड्यावर खर्च करून उपयोग नाही. एवढं केल्याशिवाय नवीन ड्रम घेऊ नका, कारण नवा ड्रम घेऊनही वास गेला नाही म्हणणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडं वास भरायच्या पाईपाचा निघाला.

बोअरच्या पाण्याचं वेगळं असते. भरताना काचेसारखं नितळ दिसते आणि दुसऱ्या दिवशी तांबूस होऊन खाली गाळ बसते. ते लोह आहे, पाण्यात विरघळलेलं असते आणि हवा लागली की गंजासारखं बाहेर पडते. बाटलीतही तसंच झालं तं समजा भांड्याची चूक नाही. बोअरच्या बंद पाण्याला कधी कधी सडक्या अंड्याचा वास येतो, तोही बहुतेक पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जंतूंमुळे. ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा उंचावरून ओतलं की वास बराच उडतो, पण वास गेला म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असं नाही, ते तपासूनच घ्यायचं.

आता भांड्याच्या दोषाकडं येतो.

प्लास्टिकचा, रंगाचा किंवा औषधाचा वास

हा सगळ्यात धोक्याचा, म्हणून यावर जास्त लिहितो.

आठवडी बाजारात आणि भंगारवाल्याकडं निळे ड्रम स्वस्तात मिळतात, २०० लिटरचे, पट्टीवालं झाकण, एकदम मजबूत. पण हे ड्रम आधी कशासाठी वापरले होते हे विकणाऱ्यालाही पक्कं माहीत नसते. कोणी म्हणेल लोणच्याचा आहे, कोणी म्हणेल साबणाच्या कारखान्यातला आहे. वरचं लेबल खरवडून काढलेलं असते. हे टिपाड म्हणजे जाड एचडीपीई प्लास्टिक, आणि ते प्लास्टिक बाहेरून कितीही घट्ट दिसलं तरी रसायन थोडंथोडं आत शोषून घेते. तुम्ही निरम्यानं दहा वेळा धुतलं तरी वरचं निघते, आत मुरलेलं निघत नाही, आणि मे महिन्यात टिनाखाली ४५ डिग्रीत तो ड्रम तापला की तेच हळूहळू पाण्यात उतरते. म्हणून हिवाळ्यात वास नव्हता आणि उन्हाळ्यात कुठून आला असं होते.

फवारणीच्या औषधाचा डबा, तणनाशकाचा कॅन, हे तं पाण्यासाठी कधीच वापरायचे नाहीत. कधीच म्हणजे कधीच. मी कापसाच्या मुलखात राहतो, इथं प्रत्येक गोठ्यात पाच लिटरचे पांढरे कॅन पडलेले असतात, दिसायला छान, कडी मजबूत, आणि शेतात पाणी न्यायला मजूर बाया तेच उचलतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ते औषध अंगावर आणि नाकातोंडात गेल्यानं ही गत झाली, तं त्याच्या डब्यातलं पाणी आपण लेकरांना पाजायचं कसं? रिकामा डबा तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, डब्याला खालून भोक पाडून टाका, म्हणजे कोणी उचलणारच नाही.

ड्रम नवा आहे तरी प्लास्टिकचा वास येतो असं असेल तं तो रिसायकल दाण्याचा माल असण्याची शक्यता जास्त. हा माल बहुतेक गडद रंगाचा, काळा, चॉकलेटी, गडद हिरवा, आतून बाहेरून थोडा खरखरीत, उजेडात धरला तं रंग एकसारखा दिसत नाही. दुकानदाराला सरळ विचारा, फूड ग्रेड आहे का, आणि नुसतं तोंडी नको, भांड्यावर ग्लास आणि काट्याचं चिन्ह किंवा फूड ग्रेड असा छाप दाखव म्हणा. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, त्यावर लय गैरसमज आहे. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे तीन पाण्याच्या भांड्यात नेहमी असतात. पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, खाण्यापिण्यासाठी चालते की नाही ते सांगत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरही २ च असतो! छतावरची मोठी टाकी घेत असाल तं तिच्यावर आयएस १२७०१ आणि आयएसआयचा शिक्का पहा, पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांचं मानक ते आहे.

शंका असलेल्या कॅनची परीक्षा अशी करा. आधी आत काय होतं ते माहीत असेल आणि ते खाण्याचंच असेल तरच, नाही तं परीक्षेच्या भानगडीत पडूच नका. कॅन धुवा, अर्धा कॅन चांगलं कोमट पाणी भरा, झाकण लावा, दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण उघडल्या उघडल्या नाक लावा. पहिला जो भपका येतो तो खरं सांगतो, नंतर वास उडून जातो. पाणी चाखू नका, नुसता वास घ्या. काही वास आला तं तो कॅन धुण्या-भांड्याच्या पाण्याला ठेवा.

आंबट, कुबट, कुजका वास

इथं भांड्यात आधी दूध, ताक, सरबत किंवा तेल होतं का ते आठवा. दुधाचा कॅन आणि कोल्ड्रिंकचं झाकण हे दोन ठरलेले गुन्हेगार. दुधातलं प्रोटीन आणि सरबतातली साखर प्लास्टिकला अशी चिकटते की पूर्ण निघत नाही, आणि जंतूंना तेवढं खाद्य पुरेसं होते. तेलाच्या १५ लिटरच्या कॅनचंही तसंच, गरम सोड्यानं धुतला तरी महिन्याभरात खवट वास येतोच. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या मात्र चालतात, नीट धुतल्या तं त्या पातळ बिसलरीच्या बाटलीपेक्षा टिकाऊ असतात, फक्त झाकणाच्या आतली चकती नीट घासायची.

भांडं पहिल्यापासून पाण्याचंच आहे आणि तरी कुबट वास आहे, मग तोटी खोला. बरेच लोक कॅन आतून चकाचक करतात आणि तोटीला हातच लावत नाहीत. तोटी फिरवून काढा, मागचं रबराचं वायसर बाजूला करा आणि तिथं बोट फिरवून पहा, बुळबुळीत लागते, कधी काळी रेघ दिसते. झाकणाच्या आट्यांमध्येही तेच. तो जंतूंनीच तयार केलेला थर आहे, आणि तो चिकट असल्यामुळे नुसत्या विसळण्यानं हलत नाही, क्लोरीनही त्याच्या आतपर्यंत लवकर पोचत नाही. जुन्या टूथब्रशनं घासूनच काढावा लागते. वायसर कडक झालं, चिरलं असेल तं बदला, गावातल्या नळ-फिटिंगच्या दुकानात मिळते.

अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये हात जात नाही, तं मूठभर तांदळाची कणी, थोडं पाणी आणि खायचा सोडा टाका, झाकण लावून जोरात हलवा, सगळ्या बाजूंनी फिरवा. कणी कोपऱ्यातला थर खरवडून काढते. तारेची घासणी किंवा रेती प्लास्टिकला लावू नका, ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतच पुढच्या वेळी थर धरतो. २० लिटरचे जुने जार आतून धुरकट दिसतात ते असंच घासून घासून झालेलं असते, असा जार साठवणुकीतून काढून टाका.

घासून झालं की निर्जंतुक करायचं. बिनवासाचं, बिनरंगाचं सोडियम हायपोक्लोराईट, ५ टक्क्यांच्या आसपासचं, एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा. हे पाणी कॅनमध्ये घालून सगळीकडं लागेल असं हलवा, थोडा वेळ ठेवा, तोटीतूनही थोडं सोडा, मग ओतून द्या आणि उपडा करून वाळू द्या. संडास साफ करायचं ॲसिड आणि हे कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो, बंद मोरीत तं जीवावर बेतू शकते.

आरओच्या पाण्याला लवकर वास येतो, तो का?

हे लय जणांना पटत नाही. गावात जारचं पाणी येते, थंडगार, गोड, आणि लोक तेच आठ-आठ दिवस साठवतात, चांगलं पाणी आहे म्हणून. पण आरओच्या मशीनमध्ये कोळशाचा फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे ते पाणी साफ आहे पण त्याला राखण नाही. नळाच्या पाण्यात थोडंसं क्लोरीन शिल्लक असते, भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम दर लिटरला म्हटलं आहे, आणि तेच साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू देत नाही. जारमध्ये एकदा कोणी ग्लास बुडवला की संपलं. म्हणून रोजचं प्यायला जारचं घेत असाल तं घ्या, पण अडचणीसाठी ठेवायचं पाणी नळाचं क्लोरीनवालं भरा. नळाला क्लोरीन आहे की नाही ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून ओटी टेस्ट करून घ्या, पाण्याचा नमुना पिवळा झाला तं आहे. हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

क्लोरीनचा उग्र वास येत असेल तं घरी कोणी टीसीएल अंदाजानं टाकली असेल. हिशेब पहा, चांगल्या टीसीएल पावडरीचा डोस हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला अर्धा ग्रॅम. चिमूटभर म्हणून टाकली तरी जास्तच होते. ती पावडर विहिरीला, गावच्या टाकीला ठीक आहे, घरच्या कॅनला नको. घरी आशाताईंकडून मिळणारं मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, किंवा क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलं तेवढंच प्रमाण. ते नसेल आणि वर सांगितलेलं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराईट असेल तं नितळ पाण्यात लिटरला दोन थेंब, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ४० थेंब, अर्धा तास झाकून ठेवून मग प्यायचं. गढूळ पाणी आधी गाळून, निवळून घ्यायचं, गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्च होते.

हिरवा थर

उजेड. दुसरं काही नाही. पांढरा किंवा पारदर्शक कॅन खिडकीशी, ओट्यावर, अंगणात ठेवला की शेवाळ धरणारच. जागा बदला, किंवा कॅनवर जाड गोणपाट, जुनी चादर गुंडाळा. पेटच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवून जंतू मारायची पद्धत खरी आहे, पण ते लगेच प्यायच्या पाण्यासाठी, नितळ पाणी आणि दोन लिटरपर्यंतच्या बाटलीसाठी. साठवण उन्हात ठेवायची नाही.

अळ्या, किडे

डेंग्यू-चिकनगुनियाचा डास आपल्या घरातल्या साफ पाण्यातच अंडी घालतो, नालीत नाही. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून रिकामं केलं की झालं असं नाही. अंडी पाण्याच्या रेघेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने टिकतात, परत पाणी भरलं की अळ्या. तुम्ही म्हणता कालच तं ड्रम धुतला, मग अळ्या कुठून, तं इथून. भिंत आतून घासावीच लागते.

रांजण, सिमेंटचं टाकं, उघडा ड्रम, यांचं पाणी पिण्यासाठी साठवायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वापरायच्या पाण्याला ठेवा, वर कापड ताणून सुतळीनं बांधा, टाकं मोठं असेल तं आरोग्य केंद्रातून अळ्या खाणारे गप्पी मासे मागा.

पाईपाचा वास आणि टिल्लू पंप

यात भांडं निर्दोष असते. हिरवा बागेचा पाईप उन्हात पडून राहतो, त्यात पाणी शिल्लक असते, ते तापते, आणि पुढच्या वेळी नळ आला की पहिले तेच पाणी कॅनमध्ये. प्लास्टिकचा वास, कुबट वास, दोन्ही तिथूनच. पिण्याचं पाणी पाईपानं भरू नका, नळाखाली थेट कॅन धरा. पाईपाशिवाय होतच नसेल तं आधी दोन बादल्या सोडून द्या, आणि वापर झाला की पाईप उंचावर टांगून पूर्ण रिकामा करा.

चार दिवसांनी नळ आला की पहिलं पाणी लाल-पिवळं येते, तेही वापरायलाच काढा.

आणि टिल्लू. नळाला थेट मोटर लावली की पाईपलाईन ओढली जाते, रस्त्यात जिथं जिथं लिकेज आहे तिथून नालीचं पाणी आत खेचते. एकानं लावला की पाणी मिळत नाही म्हणून शेजारचा लावतो, आणि मग अख्ख्या गल्लीच्या ड्रममध्ये घाण. माझं कोणाशी वैर नाही, पण यानं लेकरं आजारी पडतात. २०२२ च्या जुलैत मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीला कॉलरा झाला, लोक गेले, तिथं नळाचं पाणी बंद होतं आणि लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. दूषित पाणी म्हणजे नुसतं पोट दुखणं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

खारट चव, पांढरी पापडी

खारं पाणी कोणत्याही भांड्यात खारंच. उकळलं तं उलट मीठ, नायट्रेट, फ्लोराईड सगळं जास्त दाट होते. यवतमाळ-चंद्रपूरकडं फ्लोराईडची गावं आहेत, तिथंही भांड्यानं किंवा उकळण्यानं फरक पडत नाही. माठाला बाहेरून पांढरा थर आला तं क्षार बसून त्याची छिद्रं बुजत आहेत, म्हणून पाणी गार होईना झालं. माठ पाणी गार करायला सर्वात चांगला, पण तो झिरपतो आणि पाणी उडते, म्हणून तो साठवणीचं भांडं नाही. साठवण कॅनमध्ये, आणि रोज लागेल तेवढं माठात ओतायचं. माठात हात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाही तं तोटीचा माठ घ्या.

मग घ्यायचं काय?

एका घराला पिणं आणि थोडं रांधणं धरून माणशी रोज ४ लिटर तं कमीत कमी ठेवा म्हणतात, निदान तीन दिवसांचं. आपल्याकडच्या मे महिन्यात मी ५ लिटर धरतो आणि दिवसही पाच धरतो. पाच माणसांचं घर असेल तं १२५ लिटर झाले, म्हणजे २० लिटरचे सहा कॅन आणि वर दोन-चार बाटल्या. घरात बाळंतीण, लहान लेकरू, ताप-जुलाबाचा माणूस असेल तं आणखी जास्त.

२०० लिटरचा एकच ड्रम घेण्यापेक्षा असे सुटे कॅन मला कधीही बरे वाटतात. एक बिघडला तं बाकीचे शाबूत राहतात. आणि पाणी जड असते, २० लिटर म्हणजे २० किलो, तेवढं घरातली बाई किंवा म्हातारा माणूस कसंबसं सरकवू शकतो, दोनशे किलोचा ड्रम कोण हलवणार, आणि हलवता येत नाही म्हणून तो धुतलाच जात नाही. घरात दमदार माणूस नसेल तं दहा लिटरचेच घ्या. तोंड असं हवं की धुताना ब्रश आत जाईल पण पाणी घेताना कोणाचा हात आत जाणार नाही, म्हणजे आट्याचं घट्ट झाकण आणि खाली तोटी. तोटी खालून दोन बोटं वर असली तं गाळ खाली राहतो.

स्टीलची तोटीवाली टाकी चांगलीच, वास धरत नाही, धुवायला सोपी, महाग पडते एवढंच. पण खारं पाणी आणि क्लोरीन दोन्ही मिळून हलक्या स्टीलला बारीक ठिपके पाडतात, म्हणून त्यात जास्त क्लोरीन टाकून महिनाभर ठेवू नका. पत्र्याचा, जीआयचा ड्रम गंजतो, तो नको. तांब्याचा गुंड, कळशी रात्रभर पाणी ठेवायला उत्तम, आठवड्याच्या साठ्याला नाही.

गडचिरोलीकडच्या लोकांसाठी वेगळं सांगतो. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, आणि २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आला, २०२२ च्या जुलैत वर्धा-वैनगंगा-गोदावरीकाठी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथं अडचण उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात आहे, आणि पुराचं पाणी विहिरीत-हातपंपात शिरते. त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच कॅन भरून उंचावर, माळ्यावर नाही तं मजबूत ओट्यावर ठेवावेत, आणि तोटीवाले नकोत, घट्ट झाकणाचे बिनतोटीचे पाच-दहा लिटरचे हवेत, कारण घर सोडायची वेळ आली तं ते उचलून नेता येतात. पुराच्या पाण्यात बुडालेल्या कॅनमधलं पाणी, सील घट्ट वाटलं तरी, पिऊ नका.

ठेवायची जागा

घरातली सगळ्यात गार, अंधारी खोली बहुतेक कोठीची असते, आणि तिथंच युरिया-डीएपीची पोती, फवारणीचा पंप, थिमेटचा पुडा, रॉकेलचा डबा पण असतो. तिथं पाणी ठेवू नका. पेट्रोल-रॉकेल आणि औषधाची वाफ प्लास्टिकच्या भिंतीतून आत शिरते, झाकण कितीही घट्ट असो. कॅन नवा, पाणी नळाचं, धुतलेलं सगळं, आणि तरी औषधाचा वास येऊन राहिला असेल तं आजूबाजूला पहा काय ठेवलं आहे. देवघराशेजारी, स्वयंपाकघराच्या खालच्या फळीवर, जिन्याखाली, कुठंही, पण खत-औषधापासून वेगळी खोली. टिनाच्या छपराखाली असेल तं कॅन जमिनीलगत ठेवा, फळीवर, वर ओलं गोणपाट टाका.

प्रत्येक कॅनवर कागदी पट्टी चिकटवून भरल्याची तारीख लिहा. घट्ट झाकलेलं, क्लोरीनचं पाणी गार जागी सहा महिने ठेवता येते असं सांगतात, पण आपल्या उन्हाळ्यात क्लोरीन लवकर उडते, म्हणून मार्च ते जून मी महिन्यातून एकदा पाणी बदला म्हणेन. सगळे कॅन एकदम रिकामे करू नका, ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी सगळ्यात जुन्या तारखेचा एक कॅन भांड्या-धुण्याला वापरा, तोटी-वायसर घासा, परत भरा, नवी तारीख लिहा. असं आळीपाळीनं केलं तं पाणी वाया जात नाही आणि धुवायचा कंटाळाही येत नाही.

हे सगळं करूनही काचेच्या बाटलीतलं पाणी चांगलं आणि तुमच्या कॅनमधलं खराब होत असेल तं कॅनचा बुडाचा आकडा, आधी त्यात काय होतं, आणि वास कशासारखा आहे ते लिहा, मी सांगतो. दोन्हीतलं खराब होत असेल तं प्राथमिक आरोग्य केंद्रात पाण्याचा नमुना तपासायला द्या, नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरची नेऊ नका.